शाळेच्या ब्लॉगचा चार्ज

अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या शाळेत मी संगणक शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा मुख्याध्यापिका शोभाताई इंगोले मॅडम यांनी पहिल्याच दिवशी मला खोलीचा चार्ज यादीनिशी दिला. अकरा संगणक, त्यांतले सात चालू, तीन डस्टर आणि एक फुटका ग्लोब. फुटका ग्लोबही यादीत पाहून मला हसू आलं. मॅडम म्हणाल्या, "हसून घ्या राऊत सर. मास्तर बदलून जाते, शाळा इथंच राह्यते."

शाळांनी वेबसाधनं कशी निवडावीत हे सांगायला आज मॅडमना अमरावती-अकोल्याच्या शिक्षक प्रशिक्षणांत आवर्जून बोलावतात. कोणी नवं सॉफ्टवेअर दाखवायला आलं की त्या विचारतात, "पालकाले वाचाले पासवर्ड लागते काय? पोराईचं लिवलेलं बाहेर काढता येते काय? अन् खातं कोनाच्या नावावर?" तिसऱ्या प्रश्नाला भलेभले घाम पुसतात. एका विक्रेत्याला तर त्यांनी खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या फोनवर ॲप उघडायला लावलं. ॲप उघडेपर्यंत खिचडी शिजली होती.

हे प्रश्न त्यांना कुठून सुचले, ते मला पक्कं ठाऊक आहे.

शाळेचा पहिला ब्लॉग मी निवडला होता. दिसायला झकास, शिवाय फुकट; फक्त वाचायलाही पासवर्ड लागायचा. मॅडमना तो फारसा पसंत नव्हता, पण माझा उत्साह त्यांनी मोडला नाही. "खातं तेवढं शाळेच्या नावानं करा," एवढंच सांगितलं. मी "केलं" म्हणालो. केलं नव्हतं; खातं माझ्याच नावावर, माझ्याच मोबाइल नंबरवर होतं. दोन वर्षांनी संस्थेनं माझी बदली अकोल्याच्या शाखेत केली. चार्ज देताना मी डस्टर मोजून दिले आणि ब्लॉग विसरलो. जुनं सिम बंद केलं, मग ओटीपी येणार कुठं? मुलांचं सगळं लेखन आत अडकलं, ते आजतागायत.

त्या वर्षीच्या पालकसभेत फुलशेती करणाऱ्या एक आई उभ्या राहिल्या. त्यांच्या लेकीनं झेंडूच्या तोडणीवर फार सुंदर लिहिलं होतं. "माह्या पोरीचं लिवलेलं कुठी गेलं मंग?" त्यांनी विचारलं. मॅडमच्या बोलावण्यावरून मी अकोल्याहून आलो होतो, पण माझी दातखीळ बसली. मॅडम उठल्या. "चूक माही हाय. मी पाहून घेतलं नाई. माफ करा मले." पालक नाही नाही ते बोलले. "जमत नाई तं कायले करता हे?" असंही कोणी म्हणालं.

सभेनंतर मॅडमनी मला चहा पाजला. "तुमची नोकरी आत्ता कुठी सुरू झाली. एवढ्यात नाव खराब नोको व्हाले. चाला, आता दोघंबी निवडाले शिकू." पुढे वर्षभर रविवारी आम्ही एकेक साधन तपासत बसलो. त्यातून शाळेच्या नावावरचा साधासुधा ब्लॉग उभा राहिला, आणि चार्जच्या यादीत त्याचीही नोंद झाली.

मॅडमच्या षष्ट्यब्दीनिमित्त मी लिहितो आहे हे कळताच त्यांचा फोन आला, "त्या ब्लॉगचं काई लिवू नोका बरं." त्यांचं न ऐकण्याची ही माझी दुसरी वेळ. त्या सभेला आलेल्या सर्वांना मी आज सांगतो, चूक मॅडमची नव्हती. ती माझी होती, आणि मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो.

हे म्हणायला मला इतकी वर्षं लागली. मॅडम, ते ऐकायला तुम्ही आहात, हे माझं भाग्य. अशाच ठणठणीत राहा, शंभरी गाठा.