जळगावात बर्फाचं छप्पर

मुलांनो, तुमच्या काकाने जळगावचं आपलं घर नवं केलं. त्याचा फोटो बघून 'आजी, अगदी कॅसल' असं तुम्ही लिहिलंत. मला हे नवं रूप आवडलेलं नाही. का, ते सांगते.

त्याला युरोपातल्या जुन्या चर्चसारखी गॉथिक घडण हवी होती. टोकदार कमानी, रंगीत काचांच्या अरुंद खिडक्या, वर दोन सुळके. तिकडचं काम दगडाचं असतं. आपल्या कमानी फायबरच्या आहेत, बोटाने वाजवल्या तर रिकाम्या डब्यासारख्या वाजतात. मे महिन्यात पश्चिमेच्या लाल काचेतून येणाऱ्या उन्हात पुस्तकाचं पानही तापतं. तरी रोज कोणीतरी गाडी थांबवून फोटो काढतं. लग्न ठरलेली जोडपी तर फाटकाला टेकून उभी राहतात. उंच, टोकदार काही दिसलं की माणूस मान वर करतो आणि आत राहणाऱ्यांचा विचार सोडून देतो. या शैलीचं यश मला एवढंच दिसतं.

हेही सोसलं असतं. पण त्याने गच्ची काढून तिथे उतरतं छप्पर घातलं.

"अशी छपरं बर्फ घसरून जावा म्हणून असतात," मी म्हटलं. "जळगावात कुठला बर्फ? आणि बिबड्या कुठे वाळवायच्या?"

"आई, त्यानेच लूक येतो. बिबड्या काय, दुकानात मिळतात."

गल्लीच्या बिबड्या चैत्रात आमच्याच गच्चीवर व्हायच्या. ज्वारीचं आंबवलेलं पीठ शिजवायचं, ओल्या कापडावर पातळ थापायचं, कडक उन्हात वाळवायचं. जिची गच्ची तिने मीठ चाखायचं, हा रिवाज. तीस वर्षं ते मी चाखलं. लग्न होऊन आले तेव्हा इंग्रजी शिकलेली म्हणून बायका माझ्याशी जपून बोलत; त्या गच्चीवर मी त्यांच्यातली झाले.

यंदा शेजारीण छपराकडे बघून म्हणाली, "अक्का, आते घसरगुंडीवर टाकशी का बिबड्या?" सगळ्या हसल्या. राग गिळून मीही हसले. मग आम्ही तिच्या गच्चीवर गेलो. पीठ शिजल्यावर माझा हात सवयीने पातेल्याकडे गेला, पण तिने आधीच चाखलं होतं. मला कोणी विचारलं नाही. थापताना बोटाला लागलेलं पीठ जिभेवर ठेवलं तेव्हा कळलं, मीठ जास्त पडलंय. मी बोलले नाही. पाहुणीने बोलायचं नसतं.

तुमच्या वाट्याच्या बिबड्या पाठवल्या आहेत. खारट लागल्या तर काकाला कळवा, मला नको.