फुलवंताबाईचा जबाब

पत्र्यावर पहिला दगड आदळला तेव्हा फुलवंताबाई प्रार्थनेच्या झोपडीत सुनेजवळ बसली होती. ती ख्रिस्ती नव्हती. दरवर्षी देवमोगरा मातेच्या यात्रेला जायची आणि मन झालं की रविवारी धाकट्या मुलाच्या, योसेफच्या प्रार्थनेलाही येऊन बसायची. विसरवाडीच्या पलीकडच्या त्या डोंगरपाड्यावर याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

त्या वर्षी मात्र भातावर करपा पडला. गावदेवाच्या पूजेला योसेफच्या माणसांनी तांदूळ दिले नव्हते, म्हणून देव कोपला असं लोक बोलू लागले. सगळ्यांत मोठ्यानं बोलत होता तिचा थोरला, दिलवरसिंग.

"तू तिथं बसतेस आणि इथं नारळ फोडतेस," तो तिला म्हणाला होता. "दोन्ही खरं कसं असेल, आई? एक तरी खोटं असणारच."

"तुला मूल होत नव्हतं. मातेला नवस केला, पोरगा झाला. योसेफ दारूनं मरायला टेकला होता, प्रार्थनेला जायला लागला आणि सुटला. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं. खोटं कशाला म्हणू?"

दिलवरसिंग थुंकला आणि निघून गेला.

आता दगडांचा मारा सुरू झाला. कुडाच्या भिंती लाथांनी आत आल्या. बाया पोरांना पोटाशी धरून ओरडत बाहेर पळाल्या, तर दारात काठ्या घेऊन माणसं उभी. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर काठी बसली, हाड मोडल्याचा आवाज फुलवंताबाईनं ऐकला. पेटीवादक पोराला फरफटत नेऊन लाथा घालत होते. ओळखीची माणसं होती सगळी. लावणीला एकमेकांच्या बांधावर राबलेली.

योसेफला दोघांनी धरलं होतं आणि दिलवरसिंगनं काठी उचलली होती. फुलवंताबाई मधे घुसली. काठी तिच्या उजव्या डोळ्यावर बसली.

ती खाली पडली. गालावरून गरम काहीतरी ओघळत होतं. उरलेल्या डोळ्यानं तिला दिसलं, दिलवरसिंग काठी टाकून तसाच उभा आहे. आणि योसेफ, रोज क्षमेची वचनं वाचून दाखवणारा योसेफ, धरणाऱ्यांच्या हातून सुटून लाकडांच्या ढिगाकडे धावला. तिथला कोयता त्यानं उचलला. दिलवरसिंगनं हात आडवा धरला, तर दोन बोटं तुटून मातीत पडली. दुसरा घाव मानेवरच येणार होता. फुलवंताबाईनं सरपटत जाऊन योसेफच्या पायांना मिठी मारली. त्यानं पाय झाडले, तिच्या छातीत लाथ बसली, पण तिनं सोडलं नाही. मग बाकीच्यांनी कोयता हिसकावला.

नंदुरबारच्या दवाखान्यात डोळा काढावा लागला. दोन्हीकडची माणसं खाटेपाशी येऊ लागली.

गावचा रूपचंद म्हणाला, "कोयता त्यांनी आधीच आणून ठेवला होता, एवढंच सांग. दोन डगरींवर पाय ठेवून राहिलीस, त्याचं हे फळ."

पास्टर हात जोडून म्हणाले, "आई, योसेफनं जीव वाचवायला हात उचलला. मारणारा कोण होता ते सांगा. खोट्या देवाच्या मागं लागलं की माणूस आईलाही ओळखत नाही."

"काठी मातेनं नाही उचलली," फुलवंताबाई म्हणाली. "आणि कोयता तुमच्या येशूनं नाही उचलला. माझी पोरं आहेत ती. मला ठाऊक आहेत."

पोलीस जमादार जबाब घ्यायला आले. तिनं सांगितलं, डोळा दिलवरसिंगनं फोडला. बोटं योसेफनं तोडली, आणि तो थांबणार नव्हता. दगड कुणी मारले, त्यांचीही नावं घेतली, रूपचंदसकट. सून सुसाना शेजारी रडत होती. "आई, योसेफचं तरी नाव नको."

"दोघांचंही नाव मीच ठेवलंय," ती म्हणाली आणि अंगठा दिला.

दोघं भाऊ तुरुंगात गेले, जामिनावर सुटले. योसेफनं एकदा दिलवरसिंगच्या घरासमोर जाऊन माफी मागितली. दिलवरसिंगनं दार उघडलं नाही. नवापूरच्या कोर्टात तारखेला दोघं एकाच बसनं जातात, एक पुढं, एक मागं.

सुसानानं एकदा भाकरी थापताना विचारलं, "आई, अजून दोन्ही खरं वाटतं तुम्हाला?"

फुलवंताबाईनं चुलीत लाकूड सारलं. "वाटतं. एक खोटं असतं तर सोपं होतं. खोट्यावर ढकलून दिलं असतं सगळं."

पुढच्या यात्रेला ती गेली. पाड्यावरच्या गाडीत तिला कुणी जागा दिली नाही, म्हणून खांडबाऱ्यापर्यंत चालत जाऊन तिथून दुसरी गाडी धरली. परतल्यावर रविवारी योसेफच्या अंगणात जाऊन बसली. तिथल्याही दोन बाया उठून लांब बसल्या. फुलवंताबाईनं पदर सावरला आणि डोळा मिटला.