आईच्या खोलीतली टाकी

पाण्याचे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. मे महिन्यात आमच्या स्कीमच्या, म्हणजे अपार्टमेंटच्या, जिन्यात दोन माणसं भेटली की एक नवा तयार होतो, आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या मजल्यांवर पोचलेला असतो. आम्ही राहतो नागपूरच्या टोकाला, नळाची लाइन अजून यायची आहे अशा ले-आउटमध्ये. एक बोअर, त्याचं पाणी साठवायला जमिनीत एक टाकी, तिथून पंपाने गच्चीवर. बोअर रुसला की टँकर. त्यामुळे हसायला विषय पुष्कळ!

मी मात्र हसता हसता घाबरलेली असते. माझी आई ऐंशीच्या पुढची. रामटेककडचं खेडं सोडून ती कायमची माझ्याकडे आली, आणि मागच्या उन्हाळ्यात तिला ऊन लागलं. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्या खोलीतला कूलर दिवसा बंद पडता कामा नये. आता नागपूरचा कूलर किती पाणी पितो हे काय सांगायचं? बोअर रुसला की सगळ्यांना आंघोळीची चिंता, मला आईची.

*

तळमजल्यावर मेश्रामकाका राहतात. खापरखेड्याच्या पावर हाउसमधून रिटायर झालेले, त्यामुळे स्कीमचा पंप त्यांच्याच ताब्यात. त्यांनी मीटिंग घेऊन सगळ्यांना समजावलं. "पावर हाउसमधी एक पंप चालते आणि एक तयार उभा राहते. याले म्हणतात स्टँडबाय."

स्टँडबाय पंप आला. काकांनी त्याच्यावर ताडपत्री घातली, दर रविवारी तो पुसला, दसऱ्याला हारसुद्धा घातला. मग ऐन मे महिन्यात चालू पंप जळाला. काकांनी सगळ्यांना खाली बोलावून ताडपत्री काढली आणि बटण दाबलं. पंप नुसता गुरगुरला आणि गप्प झाला. मेकॅनिक म्हणाला, जाम झालाय, मधूनमधून चालवायला पाहिजे होता.

"खराब होऊ नये म्हणून तं चालवला नाही मी," काका म्हणाले.

त्या दुपारी आईच्या कूलरमध्ये मी फिल्टरचं पाणी ओतलं. पण फिल्टरमध्ये तरी किती असणार?

*

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये देशपांडेकाकू. पंपाचा तो धसका त्यांनी असा घेतला की पंप दुरुस्त होऊन पाणी आल्यावर घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलं. बादल्या, पातेली, कुकर, डबे, पुरणाचं पातेलं, सगळं. वर ताटल्या झाकलेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेच्या माहेरचे लोक अचानक आले. काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर चहा करायला एकही भांडं रिकामं नाही! आणि भरलेलं ओतून द्यायचं तर जीव होईना. शेवटी माझं दार वाजवलं.

"पाणी पाहिजे तेवढं ने गं, पण चहा तेवढा तुझ्याकडून करून दे."

*

आता माझा किस्सा. बोअरला धार लागेना म्हणून मी टँकर सांगितला होता. तेवढ्यात कूलरची मोटर गेली, म्हणून ती आणायला बर्डीच्या बाजारात पळाले. मी दुकानात असतानाच टँकरवाल्याचा फोन आला, ताई, पाणी कुठे सोडू? मी म्हटलं, गेटजवळचं लोखंडी झाकण उघड आणि सोड.

परत आले तर जमिनीतली टाकी कोरडी ठणठणीत. गेटजवळ लोखंडी झाकणं दोन आहेत हे माझ्या लक्षातच नव्हतं. एक टाकीचं, दुसरं पावसाचं पाणी मुरवायच्या खड्ड्याचं. अख्खा टँकर धरणीमातेच्या पोटात! मला रडूच फुटलं. आई वर तापलेल्या खोलीत, आणि इथे मी तिचं पाणी मातीत घातलेलं.

मेश्रामकाका खड्ड्यात वाकून बघत म्हणाले, "रडून काहून राहिली बेटा? आपल्याच बोअरमधी येईन ना ते."

*

त्यानंतर मी कोणावरच विसंबायचं नाही असं ठरवलं आणि आईसाठी स्वतंत्र टाकी आणली. ती ठेवायची होती बाल्कनीत. घराच्या दारातून आली, आईच्या खोलीच्या दारातून आली, बाल्कनीच्या सरकत्या दारातून जाईना. आडवी केली, तिरपी केली, नवऱ्याने लाथसुद्धा मारून पाहिली. शेवटी ती आईच्या पलंगाशेजारीच राहिली, काळी आणि गोल.

नातेवाईक आईला भेटायला येत आणि तिची तब्येत विचारायच्या आधी टाकीवर टकटक करून बघत. मी मात्र निवांत झाले. घरात हुकूम काढला की हे पाणी आईचं, तिच्या अडीनडीचं, या तोटीला कोणी हात लावायचा नाही. नवरा एकदा पाय धुवायला बसला तर त्याच्यावर इतकी ओरडले की देशपांडेकाकू दार उघडून बाहेर आल्या. आई पलंगावरून सगळं ऐकत होती.

मग एकदा ऑफिसातून लवकर आले तर आईच्या खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालेलं. कूलरचा नुसता पंखा फिरत होता, पाण्याची मोटर बंद. मला वाटलं नवी मोटरही जळाली. तर आई शांतपणे म्हणाली, "म्याच बंद केली. तू नसली की बंद करतो मी. किती पाणी पेते ते."

मी तिला रागावले, बटणावर चिकटपट्टी लावली, आणि माझ्या मते विषय संपला.

*

गेल्या आठवड्यात ऑफिसात देशपांडेकाकूंचा फोन आला. आई हाक मारली तरी डोळे उघडत नाही म्हणाल्या. मेश्रामकाकांनीच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मी ऑफिसातून तशीच तिकडे पळाले.

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, अंगातलं पाणी पार आटलंय. बऱ्याच दिवसांपासून या पाणी पीतच नसाव्यात. मग माझ्याकडे वळून विचारलं, घरी पाण्याची फार टंचाई आहे का?

मेश्रामकाकांना ते लागलंच. बोअर आहे, खाली टाकी आहे, वर टाकी आहे, पंप दोन आहेत, आणि या बाईच्या तर पलंगाजवळ स्वतःची टाकी आहे, काठोकाठ भरलेली, असं त्यांनी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं. 

सिस्टरने सलाइन लावलं. बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरायला लागलं आणि बऱ्याच वेळाने आईने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, नळीवरून वर वर जात तिची नजर बाटलीपर्यंत गेली. मग तिने बोटाने सिस्टरला जवळ बोलावलं.

"अर्धीच लाव वं बाई," ती म्हणाली. "उन्हाळा बाकी आहे अजून."