फ्रिजची चप्पल

डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत चपला दाराबाहेर काढायच्या. सूट एकाच जोडाला: फ्रिजच्या चपलेला. निळी, रबरी, कायम फ्रिजसमोर. ती न घालता हँडलला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. बाबा म्हणायचे, जुना झालाय, थोडा करंट मारणारच. जसा काही वयोमानानं फ्रिजचा स्वभाव चिडका झाला होता.

मग माझी पुतणी धरून धरून उभी राहायला लागली, आणि धरायला तिला सगळ्या घरात फ्रिजच आवडला. बाबांनी तिच्यासाठी इवल्याशा रबरी चपला आणल्या. झाला बंदोबस्त.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही फिजिक्स घेऊन. हे मी सगळ्यांना सांगते. मी म्हटलं, बाळाला चपला नकोत, फ्रिजला अर्थिंग हवं. प्लगला तीन पिना होत्या, पण सॉकेटच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. म्हणजे पत्र्यावर उतरलेल्या करंटला जमिनीत जायला रस्ता एकच, आपलं अंग. वायरमनकडून ती तिसरी वायर ओढून घेतली आणि मीटरजवळ गळती पकडणारा स्विचही बसवला. गेलेला करंट पुरता परत आला नाही, की हा स्विच क्षणात लाइट तोडतो.

तोडलीच. फ्रिज लावला की अख्खी खोली बंद, काढला की चालू.

बाबांनी निकाल दिला, स्विच भित्रा आहे. इतकी वर्षं चाललेला फ्रिज एका दिवसात वाईट कसा होईल? शेजाऱ्यांनीही सल्ला दिला, स्विच काढा, डायरेक्ट करून टाका. वायरमनला परत बोलवायला बाबा फोन शोधायला लागले. मी म्हटलं, कुत्रा भुंकला म्हणून त्याचंच तोंड बांधलं तर चोर जातो का? बाबा म्हणाले, कॉलेजनं बोलायला मात्र छान शिकवलं हो.

शेवटी आई बोलली, जिचे बांगडे आत होते.

"फ्रिज बंद राहू दे. बांगडे मी आजच सगळे तळते. पोरीच्या अंगातून करंट जायला नको."

त्या दिवशी मजल्यावर घरोघरी आमचे बांगडे गेले. बाबा साधं पाणी प्यायचे आणि गॅलरीत ऐकू जाईल असा उसासा टाकायचे. उसासे पुरेनात, तेव्हा बाबा स्वतःच मेकॅनिक घेऊन आले. कॉम्प्रेसरजवळच्या वायरचं रबर कुजलं होतं. ओल धरून करंट तिथून पत्र्यात उतरत होता. वायर बदलली. फ्रिज घुरघुरला, स्विच जागचा हलला नाही. तरी बाबांनी आधी अनवाणी उभं राहून स्वतःचा तळवा फ्रिजवर टेकवला, बराच वेळ, आणि मगच नातीला सोडलं.

त्या स्विचवर तपासणीचं एक बटण असतं; दाबल्यावर लाइट गेली, की स्विच ठीक. महिन्यातून एकदा दाबलं तरी पुरतं, असं मी सांगून ठेवलंय. बाबा रोज दाबतात. आईची सिरीयल ऐन रंगात आलेली असते, सासू अर्ध्या वाक्यात गायब होते, पंखा मंदावतो आणि अंधारातून बाबांचा समाधानी आवाज येतो, "चालू आहे, चालू आहे."