पोचूबाईची टेकडी

टेकडीवर चढण्याआधी पोचूबाई खाकरायची. पायथ्याशी बेहड्याचं एक जुनं झाड होतं. त्याच्यापाशी थांबून ती घसा साफ करी, दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण करतो तसा, क्षणभर वाट पाही आणि मगच पाऊल उचली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला दमा असेल. विचारलं तर म्हणाली, "आत कोन कसं बसलं असन, बाई. आपन बिनासांगता गेलं त बरं दिसते का?" आत म्हणजे अस्वलं, मोर, रानडुकरं आणि आणखी कोण कोण. तिच्या मागे आमचे हे उभे होते. तेही खाकरले! घाटंजीला माझ्या माहेरी, भरल्या घरात, सासुरवाडीच्या बायामाणसांत शिरताना हे कधी खाकरले नव्हते. माझं डोकं फिरायला सुरुवात झाली ती तिथून.

हे सगळं अठ्ठावन्न-एकोणसाठ सालातलं. हे फॉरेस्टर होते आणि पांढरकवड्याच्या पुढे, झरीच्या बाजूला, जंगलात आमचं सरकारी क्वार्टर होतं. लग्नाला दीड वर्ष झालेलं. मी मॅट्रिक पास, कापसाच्या घरची, चार भावांत एकुलती, त्यामुळे घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं कौतुक होतं हे मला ठाऊकच नव्हतं. क्वार्टरपासून कोसभर अंतरावर कोलामांचं पोड होतं, म्हणजे त्यांची पंधरा-वीस घरांची वस्ती. तिथली ही पोचूबाई. पोडाचा पुजारी तिचा भाऊ. वय माझ्या आईएवढं, पायात वहाण नाही, समोरचे दोन दात पडलेले. अशा बाईवर जळायचं म्हणजे स्वतःचंच हसं करून घ्यायचं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी जळत होते.

ह्यांना एक खूळ होतं. टेकडी लहानशीच, दोन तासांत फिरून होईल एवढी. पण तिच्यावर जे जे जगतं ते सगळं वहीत उतरवायचं. धावडा, तिवस, सालई, तेंदू, मोह, चार. कोणत्या महिन्यात कशाला फूल, कोणतं फळ कोण खातं, कुणाचं घरटं कुठे. कॉलेजात शिकलेलं ह्यांचं आठ दिवसांत संपलं आणि पुढचं सगळं पोचूबाईचं. संध्याकाळी ताट वाढलं की सुरू व्हायचं, "पोचूबाई म्हणत होती..." वरणात मीठ नव्हतं तरी ह्यांना कळायचं नाही. एकदा मी मुद्दाम घातलं नाही. कळलं नाही.

एका झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसली होती. नुसती चोच बाहेर, नर तिला फळं आणून भरवी. पोचूबाईने त्या वाटेने जाणंच बंद केलं होतं. "बायंतीन हाये," ती म्हणे, "तिच्या दारातून गोंधय घालत जाऊ नये." महिनाभर आमचे हे लांबच्या वाटेने गेले, पायाला फोड आले तरी. मला ताप आला होता तेव्हा ह्यांनी दुपारपर्यंतसुद्धा रजा काढली नव्हती. सवत असती तर भांडता तरी आलं असतं. हिच्याशी काय भांडणार?

खरं सांगायचं तर ती माझ्याशी कधी वाईट वागली नाही. कधी डिंक आणून देई, कधी रानातला कांदा. मी डोळे वटारले तर हसे. तिचा एक नियम होता आणि तो ती पोडातल्या पोरींना येता-जाता ऐकवी : "शेंडा पाखराचा, पडलेलं अस्वलाचं, हाताले लागन तेवढं आपलं." चाराच्या झाडाबद्दलचं हे बोलणं. चाराची काळी फळं वैशाखात पिकतात. त्यांच्या बिया फोडल्या की आत चारोळी. पोडाचा पावसाळा त्या चारोळीवर निघायचा. पण पोडाची रीत अशी की 'नवं' झाल्याशिवाय चाराला हात लावायचा नाही. नवं म्हणजे पुजारी नवं फळ देवाला ठेवतो तो दिवस. तो दिवस कोणता, हे पोचूबाई ठरवी. रोज एक फळ दाताखाली फोडून पाही आणि थुंकून टाकी. ती मान हलवेपर्यंत पिकून गळलेलं फळही कुणी उचलत नसे. पोड थांबलं म्हणून खालच्या गावच्या बायाही थांबत.

त्या वर्षी वरून असं चाललं होतं की टेकडीवरच्या चारोळीचा लिलाव करायचा आणि ती ठेकेदाराला द्यायची. ह्यांनी विरोधात लांबलचक कागद लिहिला होता. ही टेकडी पोड राखतं, सरकारी नाकेदारापेक्षा, म्हणजे वनरक्षकापेक्षा, चांगली राखतं, ती त्यांच्याकडेच राहू द्या. तो वाचून मोठे साहेब वैशाखात स्वतः बघायला येणार होते. ह्यांचा जीव त्या भेटीत अडकला होता. आठ दिवस आधी हे पांढरकवड्याला गेले, कागदपत्रं घेऊन साहेबांबरोबरच परतणार होते. जाताना मला म्हणाले, "साहेबांचं पोचूबाईशी नीट बोलणं व्हायले पाहिजे. तू चहाचं पाहजो."

चहाचं! टेकडी तिची, बोलणं तिचं, आणि मी कपबशा विसळायच्या. मी ठरवलं, साहेबांना नव्या चारोळीची बर्फी खाऊ घालीन, अशी की ते यवतमाळला जाऊन माझंच नाव काढतील. मी पोचूबाईला म्हटलं, पायलीभर चार आणून दे. ती म्हणाली, "नवं झाल्याबिगर नाई, बाई. दाना अजून पानीच हाये. धा दिवस थांब." मी म्हटलं, साहेब दहा दिवस थांबणार आहेत का? ती हसली. "साहेब नसन थांबत. चार थांबते."

हे हसणं मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर, चार गावच्या चार बाया असताना, मी सांगून टाकलं : पायलीभर चाराची फळं आणा आणि पायलीभर मीठ घेऊन जा. आठवडी बाजारातून आणलेलं मीठ घरात भरपूर होतं आणि जंगलात मिठाला किंमत होती. शेजारची शेवंता, आमच्या नाकेदाराची बायको, तिथेच धुणं धूत होती. छप्पन साली नवऱ्याबरोबर नागपूरला जाऊन तिने दीक्षा घेतली होती, तेव्हापासून पूजा-नवसाचं नाव काढलं की ती उसळायची. पण तीच मला बाजूला घेऊन म्हणाली, "वैनी, असं नोका करू. मी देवबिव मानत नाई, तुमाले माहीत हाये. पन देव नसन, बियानं त हाये ना?"

"पायलीभर चारानं का टेकडी बोडकी होते?" मी म्हटलं.

झाली. मला हव्या होत्या दोन पायल्या. पण एकीने तोडलं म्हटल्यावर दुसरी कशाला थांबेल? खालच्या गावच्या बाया आल्या, मग त्यांचे पुरुष कुऱ्हाडी घेऊन आले, कारण फळं एकेक वेचायला वेळ कुणाला होता, फांदीच खाली पाडली की काम झालं. आपल्याला उरणार नाही म्हणून पोडातल्याही दोन-चार पोरी धावल्या. पोचूबाई आणि तिचा भाऊ झाडाझाडापाशी जाऊन ओरडत होते. तीन दिवसांत टेकडीवरची चाराची झाडं सोलल्यासारखी झाली. माझ्या पडवीत हिरव्या फळांचा ढीग लागला. मी एक फोडलं. आत नुसतं पाणी. मीठ संपलं आणि तो ढीग कुजू लागला. शेवंताने आणि मी तो पहाटे उकिरड्यावर नेऊन टाकला.

साहेब आले. टेकडीवर जाऊन आले आणि आमच्या अंगणात खुर्चीवर बसले. हे शेजारी उभे होते, चेहरा पांढराफटक. पोडाची माणसं समोर बसली होती. साहेबांनी ह्यांचा कागद हातात धरून विचारलं, "हीच का तुमची राखण? तोडायला कुणी सांगितलं?" बायांच्या नजरा एकेक करून माझ्याकडे वळल्या. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते. आता हे वळून पाहणार, एवढंच माझ्या मनात होतं.

तेवढ्यात पोचूबाई उठली. "मी सांगतलं," म्हणाली. "नव्याच्या आंधी मीच सोडली टेकडी. मिठाचा लोभ सुटला."

तिचा भाऊ काहीतरी कोलामीत म्हणायला लागला, तिने हाताने त्याला गप्प केलं. साहेबांनी तिथेच सांगितलं की यापुढे पोडातल्या कुणीही टेकडीवर पाऊल ठेवायचं नाही आणि चारोळी ठेकेदाराला जाईल. ह्यांनी पोचूबाईकडे पाहिलंही नाही. माझ्या हातातला चहा मी सगळ्यांना दिला.

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. हे संध्याकाळी घरी असत, वही बंद झाली, पोचूबाईचं नाव निघत नव्हतं. वरणात मीठ कमी पडलं तर कळत होतं. फक्त जेवता जेवता मध्येच हात थांबे आणि म्हणत, "तिनं असं काहून केलं असन?" मी भाकरी वाढत असे.

भादव्यात मला राहवेना. मी पोडावर गेले. पोचूबाई दारात सूप विणत बसली होती. मी विचारलं, तू माझं नाव का घेतलं नाहीस? तिने हातातलं काम थांबवलं नाही. "मले पयल्या दिवसापासून दिसे, बाई, तू कशी पाहत होती मह्याकडं," ती म्हणाली. "तुह्यापाशी एक मानूस हाये. मह्यापाशी अख्खी टेकडी होती. एकवाल्याचं तुटलं त त्याच्यापाशी काय उरते?" मी रडले. तिने मला रडू दिलं, मग पाणी दिलं आणि म्हणाली, घरी जा, तुझा माणूस येईल.

मी घरी गेले, आणि ह्यांना काही सांगितलं नाही. आज, उद्या, दिवाळीनंतर, संक्रांतीनंतर. असं करत वैशाख आला. ठेकेदाराची माणसं टेकडीवर चढली. खाकरण्याचं तर सोडाच, ढोल्यांत धूर घालत गेली. त्या दिवशी हे पडवीत डोकं धरून बसले आणि पुन्हा तेच म्हणाले, तेव्हा कुठे माझ्या तोंडून ते निघालं. हे मला रागावले नाहीत. उठून टोपी घातली आणि पोडाकडे गेले. बंदी उठवायचा कागद त्याच आठवड्यात त्यांनी लिहिला, माझी चूक माझ्या नावानिशी लिहून. तो वर-खाली फिरायला वर्ष गेलं.

मंजुरी आली त्या सकाळी आम्ही दोघं तो कागद घेऊन पोडावर गेलो. घरं होती. दारं काढून नेलेली होती. टेकडीवर जाता येत नाही तिथे राहून काय करायचं म्हणून पोड चार दिवसांपूर्वीच उठून पैनगंगेच्या पल्याड गेलं होतं, कुठे ते कुणाला नक्की माहीत नव्हतं. ह्यांनी पुढे दोन वर्षं तिकडच्या बाजारांत विचारपूस केली. पोचूबाई पुन्हा भेटली नाही.

ह्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या वहीत अर्ध्याहून अधिक पानांवर तिचं नाव आहे, माझं एकाही नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण तिचा हेवा मला अजून वाटतो. तिने माझ्यासाठी अख्खी टेकडी सोडली, आणि मला तिच्यासाठी एक वाक्य बोलायला वर्ष लागलं.