नळीत काय होतं

आमच्या घरात बंदूक येणार असं ठरलं, तेव्हा मी पहिलाच प्रश्न विचारला, "ठेवायची कुठं?" मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "तुझ्या डोक्यावर." आमचं बोलणं हे असं. माझं तोंड पहिल्यापासून चालतं आणि मामांचंही तसंच, त्यामुळे आमचं पटायचंही लवकर आणि वाजायचंही लवकर.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. खोडदला आमची मळ्यात वस्ती. भुईमूग भरात आला की रानडुकरं उतरायची आणि सकाळी बघावं तर वावर नांगरल्यासारखं उकरलेलं. डबे वाजवून झाले, बांधावर जुनी लुगडी बांधून झाली, डुकरांना त्याचं काही नाही. शेवटी मामांनी तहसिलीत आणि पुण्याला खेटे घालून पीक संरक्षणाचा परवाना काढला. डुकरं मारायची नव्हती, नुसता बार काढून हुसकवायची होती. पण जवळच त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या, तेव्हा मामांना वेगळीच धास्ती पडली. आपल्या बाराचा तबकड्यांना त्रास झाला म्हणजे? तिथं कामाला असलेल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "त्यांना आवाज ऐकूच येत नाही. मोटरसायकलच्या ठिणगीचा त्रास होतो, बंदुकीचा नाही." म्हणजे मोटरसायकल नको आणि तोफ चालेल? माझं डोकं तिथंच गरगरलं. त्या बंदुकीपायी पुढं जे जे मला कळेनासं झालं, त्याची ही सुरुवात.

बंदूक जुनीच घ्यायची होती. अवसरी बुद्रुकचे एक आजोबा आपली विकणार आहेत असं माझ्या वडिलांकडून कळलं. माझं माहेर तिथून जवळचं पेठ गाव, आणि त्या घरातल्या आजी माझ्या आईच्या ओळखीच्या, म्हणून कागदपत्रं पुरी झाल्यावर आणायला जाताना मलाही बरोबर घेतलं. मामा, आमचे हे आणि मी.

बंदूक ठासणीची. म्हणजे काडतूस वगैरे काही नाही. नळीच्या तोंडातून दारू, छर्रे आणि चिंधी घालायची, गज नावाच्या लांब काठीनं ती आत ठासायची, मागं ठिणगी पाडणारी छोटी टोपी लावायची आणि चाप ओढला की घोडा त्या टोपीवर पडतो. हे सगळं मामांनी मला एसटीत बसल्या बसल्या सांगितलं, आख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. शिवाय दारू जास्त झाली तर नळी फाटते आणि कुठल्याशा गावात एकाचा डोळा कसा गेला, तेही सांगितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. मामांचा हात तेव्हा थरथरायला लागलेला, त्यामुळे बार हेच काढणार होते. हे खिडकीतून बाहेर बघत शेंगा खात होते.

आजोबांना जवळजवळ दिसत नव्हतं, म्हणून तर ते बंदूक विकत होते. पण हात सराईत. खुंटीवरून उतरवली, मांडीवर आडवी घेतली, मागच्या लाकडी दस्त्यावरून हात फिरवत कितीतरी वेळ बसले. आजींनी तिला हळदीकुंकू लावलं. मग आजोबा उठले. "जरा बसा पावणं, आवरून देतो," असं म्हणत बंदूक घेऊन आतल्या खोलीत गेले. आजींनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी टर्रकन फाडली आणि त्यांच्या हातात दिली. मला वाटलं, पुसायला. तेवढ्यात आजींनी मला पाटावर बसवून माझी ओटी भरली, तांदूळ, नारळ, खण. आजोबा बाहेर आले, बंदूक मामांच्या हातात दिली, वर गज दिला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आम्हीही मग काही विचारलं नाही.

येताना बंदूक गोधडीत गुंडाळली. मंचरला गाडी बदलली, नारायणगावला उतरलो, आणि गाडी निघून गेल्यावर लक्षात आलं की गज वर फळीवरच राहिला. मामा म्हणाले, "तुझ्याकडं व्हता." मी म्हटलं, "माझ्याकडं नारळ व्हता." त्यावरून घरापर्यंत आमची जुंपली. हे मध्ये चालत होते, गोधडी खांद्यावर घेऊन, लग्नातल्या करवल्यासारखे गप्प.

गज नुसता ठासायला लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. गजावर खूण असते. नळी रिकामी असली की गज त्या खुणेपर्यंत आत जातो. आत बार भरलेला असला की खूण बाहेर राहते. बंदूक भरलेली आहे का रिकामी, हे सांगणारं दुसरं काही नसतं. तेव्हा नवा गज करून घ्यायचा ठरलं. मामांनी बांबूची एक कांब घेतली, मला बंदूक उभी धरायला लावली आणि कांब नळीत सोडली. ती आत जाऊन टेकली. नळीच्या तोंडाशी त्यांनी विळ्यानं खूण केली. "हे रिकाम्या नळीचं माप," म्हणाले.

कांब बाहेर काढल्यावर मी ती सहज नळीला बाहेरून लावून बघितली. खूण तोंडाशी, तर दुसरं टोक टोपीच्या जागेच्या चांगलं चार बोटं अलीकडंच.

"मामा, ही काडी इथंच कशी थांबली?"

"म्हंजे?"

"ठिणगी पडणार इथं. मग दारू इथवर जायला नको का? मधी ही चार बोटं काय हाये?"

"आत भरीव आसतं. ती बंदूक हाये, पाइप न्हाई."

सुताराकडे कांब दिली तेव्हा त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "वयनी, नळी आतून निमुळती आसती." ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "गंज धरला आसंल." भरीव, निमुळती, गंज. तीन माणसं, तीन उत्तरं, आणि तिघंही अशा थाटात सांगणार की जणू ही नळी त्यांनीच ओतली. बरं, मला ठाम काही म्हणता येईना. मी स्वयंपाक करताना लाटणं घ्यावं आणि त्यावर चार बोटं ठेवून बघत बसावं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "काय गं, बाधा झाली काय तुला?" मी म्हटलं, झाली असेल. काय सांगणार? मला काय कळत नव्हतं, तेच मला कळत नव्हतं.

त्यात निवडणूक लागली आणि सगळ्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. मामा आणि हे घेऊन गेले. "रिकामी आहे ना?" असं तिथं विचारलं. मामांनी नवा गज नळीत सोडला, खूण बरोबर तोंडाशी आली. "बघा की साहेब, घोटभर पाणी बी न्हाई आत." मतमोजणी झाल्यावर बंदूक परत आली. गजानं ठाण्यातसुद्धा रिकामी सांगितली, म्हटल्यावर मी गप्प बसले. आपल्यालाच खूळ लागलं असेल, असं धरून चालले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. विळे, कुदळी, पाण्याची मोटार, माझं शिवणयंत्र, सगळ्यांच्या पंगतीत बंदूक मांडली, झेंडूचा हार घातला. दसऱ्याला सोनं वाटून झालं की ऊन उतरायच्या आत भुईमुगाच्या बांधावर पहिला बार काढायचा, असं मामांनी वस्तीभर सांगून ठेवलेलं. दुपारनंतर माणसं जमायला लागली. मामा अंगणात बंदूक भरायला बसले. आधी गज घालून बघितलं, खूण तोंडाशी. दारू घातली, छर्रे घातले, आणि मला हाक मारली, "एखादी चिंधी दे गं."

मी माझ्या जुन्या पिवळ्या परकराची पट्टी टर्रकन फाडली.

तो आवाज झाला आणि माझे हात तिथंच थांबले. हाच आवाज. हिरवं लुगडं. आजींनी पट्टी फाडली होती ती पुसायला नव्हे! पण मग आजोबांनी भरली असेल तर गज खुणेपर्यंत कसा जातो? रिकामी, असं गज सांगतो. आणि गजाला कुणी सांगितलं? ह्याच नळीनं. माझ्या डोक्यात नुसता काला झाला. मी घरात उभी, पट्टी हातात. मामांनी येऊन ती माझ्या हातातून ओढून नेली तरी मला शब्द फुटेना. मला शब्द फुटेना, म्हणजे बघा!

बाहेर आले तोवर चिंधी ठासून झाली होती. हे बंदूक खांद्याला लावून बांधाकडे निघाले होते, मागं सगळी वस्ती. मी पळत जाऊन ह्यांच्यापुढं आडवी झाले.

"टोपी लावू नका."

"का? काय झालं?"

"आत आधीचा बार हाये."

मामा तांबडे लाल झाले. "आगं, गजानं बघितलं न्हवं का मी? तुझ्या म्होरं बघितलं!"

"गजाचं माप काढलं तवाच आत बार व्हता, मामा. आजोबांनी भरून दिली. ती चार बोटं भरीव न्हवती. तो बार व्हता!"

"भरलेली बंदूक कोण कुणाला दील? खुळी का काय तू?"

 खरंच, कोण देईल? कशाला देईल? ती दोघं तर किती मायाळू. लोक हसायला लागले. हे एकदा माझ्याकडे बघत, एकदा मामांकडे. म्हणाले, "जाऊ दे गं, दोन आसले तर आवाज मोठा व्हईल." ते ऐकून माझा तोल गेला. मला काहीही सिद्ध करता येत नव्हतं, नुसती भीती वाटत होती. रडू कोसळत होतं, आणि चारचौघांत रडतेय याचा आणखी संताप येत होता.

"मामा," मी म्हटलं, "तुमचा एवढा भरवसा आसंल तर आज बार तुमी काढा. गालाला दस्ता तुमी लावा. ह्यांना लावू देणार न्हाई मी."

हसणं थांबलं. मामांनी ह्यांच्या हातातून बंदूक घेतली. वाटलं, आता खरंच काढतात. माझा जीव वरच्या वर राहिला, कारण तेही मला कुठं हवं होतं? ते बंदुकीकडे बघत उभे राहिले. मग माघारी फिरले आणि अंगणाच्या पार कडेला, कुणी जाणार नाही अशा जागी, ती खाटेवर ठेवली. दसऱ्याचा बार झाला नाही. लोक तोंडं वाकडी करून गेले. मामा माझ्याशी बोलले नाहीत, आणि जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी हे अवसरीला जाऊन आजोबांना मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन आले. आजोबा अंगणात उतरले आणि उतरता उतरताच बोलायला लागले. "अजून बार काढलाच न्हाई म्हंता? अवो, गावच्या शिवंवर आल्याबरुबर काढायचा! मला वाटलं तुमाला ठावं हाये."

"पण भरून का दिली, आजोबा?" मी विचारलं. रागानं विचारलं, खोटं कशाला सांगू.

आजोबा माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. त्यांना माझा प्रश्नच समजेना. "मंग काय रिकामी दिऊ, पोरी? घरातली वस्तू घराबाहेर चालली. चाळीस वरसं माझ्या उशाला व्हती. तुझी ओटी रिकामी धाडली का आमी?"

 शेजारणीची वाटी परत करताना मी स्वतः त्यात कधी चार दाणे साखर घातल्याशिवाय दिली नव्हती. आता ह्या माणसावर चिडू का त्याच्या पाया पडू, तेच मला कळेना. खरं सांगायचं तर अजूनही कळलेलं नाही.

आजोबांनी नळीत पाणी ओतायला लावलं. ते चांगलं मुरू दिलं. मग टोकाला चिंधीत रुतणारी फिरकी लावलेल्या गजानं, नुसत्या हाताच्या अंदाजानं, एकेक ओढून काढायला लागले. आधी माझी पिवळी चिंधी आली. मग काळा चिखल आणि छर्रे. मामा पुढं वाकून बघत होते. आजोबांनी गज पुन्हा आत घातला, फिरवला, ओढला. हिरवी चिंधी आली, आणि तिच्यामागं पुन्हा काळा चिखल.

मामांनी ती हिरवी चिंधी उचलून पिवळीशेजारी ठेवली. ह्यांनी नकळत आपला गाल चाचपला.

संध्याकाळी मामांनी तो नवा गज गुडघ्यावर मोडला आणि चुलीत घातला. दुसरी कांब आणली, नळी वाळवून पुसली आणि मला हाक मारली. "माप तू घे." मी कांब आत सोडली. ती थेट टोपीच्या जागेपाशी जाऊन टेकली. मी बाहेरून लावून बघितली, पुन्हा लावून बघितली. खूण माझ्याच हातानं करायला लावली त्यांनी. माफी वगैरे काही नाही. आमच्यात ती पद्धत नाही, पण त्यानंतर बंदूक भरली की मामा आधी गज माझ्या हातात द्यायचे.

पहिला बार झाला तो दिवाळीच्या आधी, बांधावर, भर दुपारी. पिंपळावरची वटवाघळं उठली, कुत्री भुंकली, आवाज पार पलीकडच्या वस्तीपर्यंत गेला, असं सगळे कितीतरी दिवस सांगत होते. मला विचाराल तर मी तो ऐकलाच नाही. धूर विरेपर्यंत मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते होतं तसंच होतं, आणि हसत होतं.