कॅसेटची दुसरी बाजू

नव्वदीतली गोष्ट. फौजेतला माझा थोरला भाऊ सुटीवर औंधजवळच्या आमच्या गावी आला, तो एका हिंदी रॅपरची कॅसेट घेऊन. दिवसभर टेपवर तेच. "लय खरं बोलतोय रं हा गडी," म्हणायचा.

मी तेव्हा सांगलीला विश्रामबागेत राहून शिकत होतो आणि एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत नव्या कॅसेटींवर लिहायचो. तेवढ्यावर स्वतःला समीक्षक समजायचो. त्याला भेटायला गावी गेलो तेव्हा दादानं कॅसेट माझ्या हातात दिली. "दोनी बाजू ऐक," म्हणाला. मी एकच ऐकली, तीही दाढी करता करता, आणि लिहून टाकलं, ‘ज्याला गाता येत नाही तो असली बडबड करतो.’

पुढच्या रविवारी कॅसेट आणि कात्रण घेऊन ऐटीत गावी गेलो. दादानं कात्रण दोनदा वाचलं. "तू शिकल्याला हाईस, तुला कळतं," एवढंच म्हणाला.

तो ड्युटीवर परत गेल्यावर वहिनीनं सांगितलं, "आवं भावजी, दुसऱ्या बाजूला शेवटी ह्यांनी सोताचं तसंच काय काय बोलून भरलं हुतं. तुमालाच ऐकवायचं हुतं."

मी कॅसेट लावली. विकतच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करता यावं म्हणून तिच्या कडेच्या भोकात कोंबलेला कागदाचा बोळा तसाच होता. शेवटचं गाणं संपलं. पुढं पंख्याची घरघर आली, आईनं जेवायला मारलेली हाक आली. आपले शब्द पुसायला दादानं पुन्हा रेकॉर्डचं बटण दाबलं होतं आणि टेप संपेपर्यंत तो तिथं नुसता गप्प बसून राहिला होता.

ती बाजू मात्र मी पूर्ण ऐकली.